दाहाचा सुटलेला लगाम

जखम झाली की ती जागा सुजते, लाल होते, ठणकते. हा दाह. शरीराचा तो बचाव आहे, असं आपण शाळेत शिकतो. पण बचावाला निघालेली फौज आपल्याच गावात लुटालूट करू लागली तर? हे कसं घडतं, याचा धागा १९६३ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात हाती लागला.

तिथे कार्ल-बर्टिल लॉरेल हे रक्तातली प्रथिनं विजेच्या साहाय्यानं कागदावर वेगळी करून पाहत. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत एका प्रथिनाचा पट्टा जवळजवळ दिसतच नव्हता. एखाद्यानं कागद खराब निघाला म्हणून सोडून दिलं असतं. लॉरेल यांनी स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरांसह त्या पाच जणांचा माग काढला. तिघांना ऐन तारुण्यात एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातले वायुकोश झिजून दम लागण्याचा विकार, जडला होता. पुढे घराणी तपासली, तेव्हा दोष आनुवंशिक ठरला.

हरवलेलं प्रथिन होतं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ते यकृतात बनतं. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना इलॅस्टेज नावाचं विकर सोडतात. हे प्रथिन त्याला वेळीच आवरतं. ते नसलं की विकर फुप्फुसाचे लवचिक तंतूच खाऊ लागतं. त्याच सुमारास अमेरिकेत पॉल ग्रॉस यांनी उंदरांच्या फुप्फुसात पपेन सोडलं, तर त्यांनाही एम्फिसीमा झाला. पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो, ती याच्याच जोरावर!

तंबाखूचा धूर इथे दुहेरी घात करतो. तो पांढऱ्या पेशींना फुप्फुसात बोलावतो आणि उरलंसुरलं प्रथिनही निकामी करतो. १९८७ पासून अमेरिकेत दात्यांच्या रक्तातून काढलेलं हे प्रथिन शिरेतून देतात, पण झिजलेलं फुप्फुस त्यानं परत येत नाही.

म्हणूनच स्वीडननं १९७२ ते १९७४ या काळात दोन लाख नवजात बालकं तपासली. दोष कळल्यावर आईबाप इतके धास्तावले, की ती मोहीम थांबवावी लागली. मला तो निर्णय घाईचा वाटतो. कारण ती मुलं अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यात सिगारेट ओढणारे बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी आढळले.