जुना व्हिडिओ गेम बंद पडलाय: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

पावसाळा संपला की घर आवरायला निघतं आणि माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम खाली येतो. टीव्हीला लावला तर एकतर काहीच होत नाही, नाहीतर लाल दिवा लागतो आणि पडदा नुसता एकाच रंगाचा दिसतो. घरचे म्हणतात, टाकून दे, मोबाईलवर सगळं मिळतं. ऑनलाइन बघितलं तर हजार-दीड हजारात “दहा हजार गेम” असलेली स्टिक दिसते. मग दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं कशाला?

माझं मत असं की “दुरुस्ती की नवा” हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न, नेमकं मेलंय काय? या मशीनमध्ये जे सगळ्यात आधी मरतं ते सगळ्यात स्वस्त असतं. ते न तपासताच मशीन भंगारात जातं, हे मी मुळशी तालुक्यात, पौड-पिरंगुटकडच्या ओळखीच्या घरांमध्ये बऱ्याचदा बघितलंय.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

आपल्याकडच्या घरांत बहुतेक दोनच प्रकार निघतात. एक, कॅसेटवाला. समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी हे भारतात विकले गेले. हे सगळे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला. दुसरा प्रकार म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २, आपला पीएस२. हा २००० साली आला आणि त्याचं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला संपलं.

कंपनीकडे दुरुस्तीला देण्याचा मार्ग दोन्हींसाठी बंद आहे. निन्टेन्डोने फॅमिकॉमची दुरुस्ती जपानमध्येसुद्धा ऑक्टोबर २००७ मध्ये थांबवली, सोनीने पीएस२ ची ऑगस्ट २०१८ मध्ये. म्हणजे जे करायचं ते आपण किंवा आपला टीव्हीवाला.

आधी ॲडॅप्टर

कॅसेटवाल्या गेमचा दिवाच लागत नसेल तर संशय पहिला ॲडॅप्टरवर. कारण साधं आहे. मशीनच्या आत हलणारा भाग नाही, पण ॲडॅप्टरची वायर मात्र वर्षानुवर्षं गुंडाळलेली, ओढलेली, कधी उंदरांनी कुरतडलेली असते. मल्टिमीटर कुणाकडून तरी मागून आणा आणि पिनवर व्होल्ट मोजा. ९ व्होल्ट लिहिलेल्या जुन्या जड ॲडॅप्टरवर काही जोडलेलं नसताना १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. आतला ट्रान्सफॉर्मर साधा असतो, लोड आला की व्होल्टेज खाली येतं. शून्य दिसलं तर आजार सापडला.

आता महत्त्वाची गोष्ट. वायफाय राउटरचा ॲडॅप्टर त्याच भोकात बसतो म्हणून लावून बघू नका. राउटरच्या पिनचा मधला भाग सहसा प्लस असतो. मूळ फॅमिकॉममध्ये आणि त्याच्या पुष्कळ नकलांमध्ये मधला भाग मायनस असतो. ॲडॅप्टरवर आणि मशीनच्या मागे एक गोल चिन्ह असतं, त्यात मधल्या ठिपक्याला प्लस जोडलंय की मायनस ते दिसतं. दोन्हीकडचं चिन्ह जुळलंच पाहिजे. उलटी पॉवर गेली की दहा-वीस रुपयांच्या दुरुस्तीचा प्रश्न एका झटक्यात मोठा होतो.

ॲडॅप्टर ठीक असेल तर मशीन उघडा. मागचे चार-पाच स्क्रू, बस्स. आत तीन पायांचा एक भाग पत्र्याला लावलेला दिसेल, त्यावर ७८०५ असं लिहिलेलं असतं. तो येणाऱ्या ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. अक्षरं तुमच्याकडे ठेवून बघितलं तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. उजव्यावर ५ च्या आसपास आकडा नसेल तर ७८०५ बदला. शेजारी छोटे नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात. त्यांचं डोकं फुगलं असेल, किंवा बुडाशी चिकट तपकिरी डाग असेल, तर तेही बदला. चित्रात लाटा येणं, आवाजात सतत घुंऽऽ येणं, ही म्हाताऱ्या कपॅसिटरची लक्षणं. हे सगळे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लर किमतीला मिळतात. पौडहून तिथे जायचा-यायचा खर्च सामानापेक्षा जास्त होतो, म्हणून कुणी जाणारं असेल त्यालाच सांगा आणि एकाच्या जागी पाच मागवा.

दिवा लागतो, पण गेम येत नाही

याचा अर्थ मशीन जिवंत आहे, कॅसेटशी बोलणं होत नाहीये. कॅसेटच्या कडेला ६० पितळी-सोनेरी पट्ट्या असतात. त्यातल्या एकीचा संपर्क तुटला तरी पडदा नुसता रंगीत राहू शकतो, किंवा अक्षरांचा कचरा दिसतो.

यावर आपला राष्ट्रीय उपाय म्हणजे फुंकर. फुंकर मारली की गेम चालतो, हे खरं वाटतं. पण काम करते ती कॅसेट काढून पुन्हा बसवण्याची क्रिया, पट्ट्या घासल्या जातात. फुंकरीतून जाते ती ओल. आणि मुळशीत ओलीची कमतरता आधीच नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा हवेत चार महिने माळ्यावर पडलेल्या धातूवर काळा-हिरवा थर येणारच.

करायचं ते असं. मेडिकलमधून किंवा ऑनलाइन आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, शक्यतो ९९ टक्क्यांचं. कापूस काडीला लावून पट्ट्या पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. थर हट्टी असेल तर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि मग पुन्हा अल्कोहोल. मशीनमधल्या खाचेसाठी तीच स्वच्छ कॅसेट अल्कोहोलने किंचित ओली करून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. पूर्ण वाळू द्या, मग पॉवर. माझ्या मामांकडे, धरणाच्या काठाला, दोन दिवाळ्या “मेलेला” म्हणून ठेवलेला गेम एवढ्यावरच सुरू झाला. त्याआधी एका दुकानदाराने त्यांना “आयसी गेली” असं सांगून परत पाठवलं होतं, न उघडता.

खरंच आयसी गेली असेल तर? बोर्डावर काळ्या गोंदाचा वाटोळा थेंब दिसतोय का बघा. स्वस्त आणि नंतरच्या मशीनमध्ये अख्खा मेंदू त्या थेंबाखाली असतो. तो काढून बदलता येत नाही. पॉवर नीट, पट्ट्या स्वच्छ, दुसरी कॅसेट लावूनही काही नाही, आणि बोर्डावर थेंब, तर त्या मशीनवर आणखी पैसे घालू नका. सुट्या लांबट चिपा असलेला जुना बोर्ड असेल तर मात्र तशाच दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून चिप काढून लावता येते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी अशी मशीनं कधीकधी दिसतात.

पीएस२: लेन्स म्हणजे सगळं नाही

पीएस२ चालू होतो पण डिस्क वाचत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. आधी बारकाईने बघा, कुठली डिस्क वाचत नाही? काही गेम निळ्या बुडाच्या सीडीवर होते, बहुतेक चंदेरी डीव्हीडीवर. एक प्रकार चालतो आणि दुसरा नाही, असं असेल तर लेन्स थकली आहे. आणि तुमच्याकडच्या सगळ्या डिस्क घरी राइट केलेल्या असतील (आपल्याकडे कुणाच्या नव्हत्या!), तर मशीनला दोष देण्याआधी एक ओरिजिनल डिस्क मिळवून लावून बघा. राइट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर वर्षांनी उतरतो, आणि मुळातच त्या वाचायला लेन्सला जास्त कष्ट पडतात.

लेन्स पुसून फरक पडला नाही तर बदलायची. ती अजून मिळते. जुन्या लेन्सवरचा मॉडेल नंबर जुळवूनच मागवा, जाड आणि स्लिम पीएस२ ची लेन्स वेगळी असते. दर वेळी चालू केल्यावर तारीख-वेळ विचारत असेल तर तो बिघाड नाही, आतला सीआर२०३२ सेल संपलाय.

दुरुस्तीला देण्याआधी एक काम करा, जे बहुतेक जण विसरतात. मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. ८ एमबीच्या त्या कार्डात तुमच्या दादाचा करिअर मोड असतो, आणि दुकानातून मशीन परत येतं, कार्ड येतंच असं नाही. शक्य असेल तर दुसरं कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पीएस२ च्या स्वतःच्या ब्राउझरमधून सेव्ह कॉपी करा. काही सेव्ह कॉपी होत नाहीत, पण बऱ्याच होतात.

लेन्स मिळालीच नाही तरी पीएस२ संपत नाही. फ्री मॅकबूट नावाचं सॉफ्टवेअर असलेलं मेमरी कार्ड लावून पेनड्राइव्हवरून गेम चालवता येतो. पीएस२ चं यूएसबी जुन्या १.१ वेगाचं आहे, त्यामुळे मधले व्हिडिओ अडखळतात, खेळ सहसा नीट चालतो. शेवटच्या काही स्लिम मशीनवर ही युक्ती चालत नाही, त्यांना वेगळा मार्ग लागतो. आणि गेमची प्रत काढायची ती स्वतःच्या डिस्कवरून. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये स्वतःकडच्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढायला जागा आहे, दुसऱ्याच्या डाउनलोडला नाही.

दोष टीव्हीचा पण असू शकतो

नव्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी भोकं नसतात, किंवा एकाच छोट्या भोकात लपवलेली असतात. एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर काहीशे रुपयांत मिळतो आणि काम भागवतो. टीव्हीवर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ अर्ध्या दमाने उडी मारतो.

बंदुकीला मात्र इलाज नाही. बदकं मारायची ती बंदूक जुन्या डबा टीव्हीच्या पडद्यावर रेघ-रेघ करून चित्र कसं उमटतं त्यावर चालते. एलईडी टीव्हीवर ती कधीच चालणार नाही, कितीही दुरुस्त करा. बंदुकीसाठी डबा टीव्ही जपलात तर उत्तम, पण तो स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या आत जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं.

“नवा” म्हणजे नक्की काय मिळतं?

त्या स्वस्त स्टिकमध्ये असतो एक छोटा प्रोसेसर, एक स्वस्त मेमरी कार्ड आणि परवानगी न घेता भरलेले गेम. यादीत तोच गेम पाच नावांनी येतो. कार्ड गेलं की सगळं गेलं. त्यापेक्षा तुमचा फोन सरस आहे. प्ले स्टोअरवर रेट्रोआर्च आहे, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी आहे, आयफोनवरही ॲपलने एप्रिल २०२४ पासून असे एम्युलेटर येऊ दिलेत. एक ब्लूटूथ कंट्रोलर घेतला की झालं. नुसता गेम खेळायचा असेल तर मी प्रामाणिकपणे हेच सुचवीन, दुरुस्ती नाही.

पण फोनला तुमचं मेमरी कार्ड लागत नाही, कॅसेट लागत नाही, आणि एकाच सोफ्यावर दोन वायरींचे रिमोट घेऊन भावंडं भांडत नाहीत. पीएस२ वर “हनुमान: बॉय वॉरियर” किंवा “देसी अड्डा” यांसारखे २००९ चे भारतात बनलेले गेम आहेत. कुणाकडे त्यांची डिस्क असेल तर ती चालवणारं मशीन जिवंत ठेवायला ते एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

माझी रेघ अशी: पॉवर किंवा पट्ट्यांचा दोष असेल तर डोळे झाकून दुरुस्त करा. लेन्स गेली असेल तर ओरिजिनल डिस्क किंवा जपायचे सेव्ह असतील तरच खर्च करा. थेंब मेला असेल तर सोडा. टीव्हीवाल्याकडे जाताना “चालत नाही” असं सांगू नका. “ॲडॅप्टरला ९ व्होल्ट आहेत, ७८०५ च्या पुढे ५ येत नाहीत” असं सांगा, काम निम्मं होतं आणि आयसी गेल्याची गोष्टही ऐकावी लागत नाही.

जे सोडायचं ठरेल त्यातून कॅसेट, रिमोट, ॲडॅप्टर आणि स्क्रू काढून ठेवा, उरलेला बोर्ड ई-कचरा गोळा करणाऱ्यांना द्या, ओल्या कचऱ्यात नको. आणि जे ठेवायचं ते माळ्यावर नको. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पाचसहा पुड्या टाकून, जमिनीपासून उंच आणि स्वयंपाकघरापासून लांब. पुड्या जूनच्या आधी बदला.