अंधांच्या हाती आलेली विद्या

जपानमध्ये मालिशचा व्यवसाय रीतसर करायचा तर राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. त्याआधी सहसा बारावीनंतरचा किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, पुनर्वसन, पौर्वात्य वैद्यक आणि या धंद्याला लागू असलेले कायदेही शिकवतात. शिवाय हाताचे प्रत्यक्ष काम असतेच. ही प्रश्नपत्रिका साध्या छपाईत मिळते, तशीच ती ब्रेलमध्ये, ठळक मोठ्या अक्षरांत आणि ध्वनिमुद्रित स्वरूपातही मिळते. कुणाची सोय म्हणून हे मागाहून जोडलेले नाही. जपानमधले मालिशचे शिक्षण आजच्या रूपाला आले ते मुख्यतः अंध गुरूंनी अंध शिष्यांसाठी चालवलेल्या शाळांमधून.

तिथली मालिशची परंपरागत पद्धत म्हणजे ‘अन्मा’. ती चीनमधून आली आणि आली तीच सरकारी खात्यात. आठव्या शतकातल्या जपानी राज्यसंहितेत दरबारच्या वैद्यक विभागाची पदे नेमून दिली आहेत. त्यांत अन्माचा एक आचार्य, दोन उपचारक आणि दहा विद्यार्थी आहेत. म्हणजे सरकारमान्य मालिशशिक्षण तिथे बाराशे वर्षांहून जुने. पुढे दरबाराची सत्ता ओसरली, तशी ती पदेही लोपली. विद्या मात्र लोकांत उरली.

एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून, ती अंधांच्या हाती एकवटू लागली. त्यांची ‘तोदोझा’ नावाची देशव्यापी संघटना होती. बिवा हे तंतुवाद्य वाजवत युद्धकथा गाणे, कोतो हे दुसरे तंतुवाद्य वाजवणे, अन्मा आणि सुईचे उपचार हे तिच्या सभासदांचे व्यवसाय. संघटनेत ‘झातो’पासून ‘केंग्यो’पर्यंत पदांची लांबलचक उतरंड होती आणि वर चढायला पैसे भरावे लागत. काही वरिष्ठ सभासद सावकारीही करीत. संघटना भलतीच घट्ट होती, पण अंध मुलाला भिकेपासून वाचवणारी दुसरी व्यवस्था त्या काळी फारशी नव्हती, हे विसरून चालणार नाही.

या व्यवस्थेला शाळेचे रूप दिले ते सुगियामा वाइची यांनी. जन्म 1610चा, घराणे सामुराईचे, लहानपणीच दृष्टी गेलेली. एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, येऊन ते एका अंध गुरूकडे सुईचे उपचार शिकू लागले. हात बसेना, पाठांतर होईना, तेव्हा गुरूने त्यांना घरी धाडले, असे परंपरा सांगते. मग ते एनोशिमा बेटावर बेंतेन देवीच्या गुहेत उपास करीत बसले. ही बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेली. परतीच्या वाटेवर दगडाला ठेचकाळून पडले असता त्यांच्या हाताला एक पोकळ नळी आणि तिच्यातली पाइनची टोकदार काडी लागली, अशी कथा आहे.

कथा बाजूला ठेवली तरी नळी खरी आहे. सुईपेक्षा किंचित आखूड नळी त्वचेवर टेकवायची, तिच्यात सुई सोडायची आणि वर उरलेल्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारायची. सुई झटकन आत जाते, दुखत नाही, वाकत नाही, आणि जागा हेरायला डोळा लागत नाही, बोट पुरते. या पद्धतीचे श्रेय सुगियामांना दिले जाते. आज जगभरचे डोळस सुईचिकित्सकही ती वापरतात.

पुढे सुगियामा पाचवे शोगुन, म्हणजे देशाचे लष्करी सत्ताधीश, त्सुनायोशी यांचे उपचारक झाले. त्सुनायोशींनी एकदा ‘काय हवे ते माग’ म्हटले. सुगियामांनी ‘एक डोळा’ मागितला. तेव्हा शोगुनने होंजो भागातल्या ‘एकडोळा’ या अर्थाच्या नावाच्या वस्तीत त्यांना जमीन दिली, अशी आख्यायिका आहे. तिथे आजही त्यांचे देऊळ आहे. पण त्यांचे खरे काम 1682चे. इकडे औरंगजेब दख्खनेत उतरला होता, त्याच सुमारास एदोत शोगुनच्या पाठबळावर सुगियामांची अंधांसाठीची प्रशाला उभी राहिली. आधी अन्मा, मग सुई असा तिथला क्रम. सुगियामांच्या तीन ग्रंथांवर शिकवणे चाले. शिष्य ते ऐकून मुखोद्गत करीत आणि हात गुरूच्या हाताखाली तयार होई. पॅरिसमध्ये व्हालांताँ आयुई यांची प्रसिद्ध अंधशाळा निघाली ती याच्या शंभर वर्षांनंतर. आयुईंचे नाव जगाच्या इतिहासात पहिले घेतले जाते, सुगियामांचे क्वचितच. हा अन्याय दुरुस्त व्हायला हवा.

1694 मध्ये सुगियामा गेले. त्यांचे शिष्य मिशिमा यासुइची यांनी देशात ठिकठिकाणी प्रशालेच्या शाखा काढल्या.

ही विद्या सगळ्याच अंधांना जमे असे नाही. हानावा होकिइची या मुलाला अठराव्या शतकात एदोत अन्मा आणि सुई शिकायला घातले. त्याचे बोट काही वळेना. निराशेने तो जीव द्यायला निघाला होता, असे सांगतात. गुरू शहाणा होता. त्याने मुलाचा ओढा ग्रंथांकडे आहे हे ओळखून त्याला शिकू दिले. दुसऱ्यांकडून वाचून घेऊन, ऐकून ऐकून स्मरणात साठवत तो मोठा पंडित झाला आणि जुन्या जपानी ग्रंथांचा ‘गुन्शो रुइजू’ हा अवाढव्य संग्रह त्याने सिद्ध केला. धंद्याच्या शिक्षणात नापास झालेल्या मुलाला दुसरे दार उघडून देणारी माणसे तोदोझा संघटनेत होती, याची ही नोंद.

शोगुनांची सत्ता जाऊन आलेल्या मेइजी सरकारने 1871 मध्ये तोदोझा बरखास्त केली. पैसे भरून मिळवलेली पदे रद्दी झाली आणि धंद्याची राखण गेली. जर्मन वैद्यकाच्या नादात असलेल्या नव्या राज्यकर्त्यांना अन्मा आणि सुई जुनाट वाटत. टोकियोत 1880 मध्ये अंधशाळेचे वर्ग सुरू झाले आणि तिथे अन्मा-सुई शिकवू लागले. पण काही वर्षांत सुई अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आली. ओकुमुरा सान्साकू या अंध शिक्षकांनी तिच्यासाठी बाजू मांडली आणि सुई वर्गात परत आली. 1890 मध्ये जपानी ब्रेल तयार झाली. पूर्वी जे ऐकून पाठ करावे लागे, ते शरीररचनाशास्त्र विद्यार्थी आता स्वतःच्या बोटांनी वाचू लागले. 1903 मध्ये याच शाळेत शिक्षक घडवण्याचा वर्ग निघाला.

दरम्यान डोळस माणसेही या धंद्यात भराभर शिरत होती. अन्मा फक्त अंधांसाठी राखून ठेवा, अशी मागणी अंध संघटनांनी संसदेपर्यंत नेली. ती मान्य झाली नाही. 1911 मध्ये गृहखात्याने परीक्षा आणि परवाना सक्तीचा केला आणि परीक्षेचे दोन प्रकार ठेवले. त्यातला सोपा प्रकार अंधांसाठी होता. राखीव कुरण मिळाले नाही, पण वाट मोकळी राहिली.

खरा घाला आला 1947 मध्ये. युद्धात हरलेल्या जपानवर अमेरिकी लष्करी प्रशासनाचा अंमल होता. सुई, मोक्सा म्हणजे वनस्पतीच्या भुकटीचा शेक, आणि अशा सगळ्या परंपरागत उपचारांवर बंदी घालावी, असा त्या प्रशासनाचा रोख होता. अंध शाळांतले विद्यार्थी आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. युद्धात सर्वस्व गेलेल्या देशात शेकडो वर्षांचा एकमेव भरवशाचा रोजगार कागदाच्या एका तुकड्याने जाणार होता, म्हणून ही माणसे जिवावर उदार झाली. डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला तो बंदीचा नव्हे, परवान्याचा: शाळेतले शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी. आजची सगळी व्यवस्था त्याच कायद्यावर उभी आहे. बोटांनी दाब देण्याची ‘शियात्सू’ ही पद्धतही 1955च्या दुरुस्तीने त्यात आली. तिचे मोठे प्रसारक नामिकोशी तोकुजिरो यांनी 1954 मध्ये जपानला आलेल्या मेरिलिन मन्रो यांच्यावर उपचार केले होते.

1964च्या दुरुस्तीत एकोणिसावे कलम आले. अंधांची उपजीविका धोक्यात येऊ नये म्हणून डोळसांसाठीच्या नव्या मालिशशाळांना किंवा वाढीव जागांना सरकार ‘तूर्त’ मान्यता नाकारू शकते, असे ते कलम. एका खासगी शिक्षणसंस्थेने त्याला व्यवसायस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर आव्हान दिले. 7 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. तीव्र दृष्टिदोष असलेल्यांसाठी हा व्यवसाय आजही महत्त्वाचा आहे, हे न्यायालयाने मानले. डोळस विद्यार्थ्यांची यात अडचण होते हे खरे. तरी ज्यांनी ही विद्या शाळेच्या चौकटीत बसवली, त्यांचा हक्क राखणारा हा निर्णय रास्तच म्हणावा लागेल.

पण शाळांची दारे राखली म्हणून बाजार राखला जात नाही. परवान्याविना केलेला उपचार आरोग्याला अपायकारक ठरण्याची शक्यता असेल तरच शिक्षा करता येते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्येच घेतली होती. त्या आडोशाने ‘सेइताई’ आणि ‘रिलॅक्सेशन’ अशा पाट्यांची दुकाने स्टेशनास्टेशनाशेजारी उघडली, आणि तिथे काम करायला राष्ट्रीय परीक्षा लागत नाही. अंध संघटनांची आजची झुंज याच दुकानांशी आहे. दुसरीकडे मोठ्या कंपन्या आता परवानाधारक अंध उपचारकांना ‘हेल्थ कीपर’ म्हणून पगारी नोकरीत घेतात. दिवसभर संगणकापुढे बसलेल्या कर्मचाऱ्यांची आखडलेली मान आणि खांदे कचेरीतल्या कचेरीत मोकळे करणे हे त्यांचे काम.