उघड्या पाठीचा हेडफोन आणि तात्यापाऱ्यातलं घर



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला वेगवेगळ्या गावांहून आला. घरी बसून गाणं ऐकायला दहा हजारांच्या आतला ओपन-बॅक हेडफोन घ्यावा का? नागपूरहून आला, इंदूरहून आला, बडोद्याहून आला. हो किंवा नाही असं एका वाक्यात सांगता येईल, पण आपली ही मालिका इतिहासाची. तेव्हा ही वस्तू कुठून आली ते आधी पाहू, मग ती पारखायची कशी ते आपोआप कळेल.

ओपन-बॅक म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो. हेडफोनच्या वाटीत एक पातळ पडदा थरथरत असतो. तो जसा पुढे कानाकडे आवाज ढकलतो तसाच मागेही ढकलतो. बंद हेडफोनमध्ये मागचा आवाज वाटीतच कोंडला जातो. ओपन-बॅकला मागे जाळी असते, तिच्यातून तो बाहेर निघून जातो. म्हणून गाणं मोकळं वाटतं. आणि म्हणूनच शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं ऐकू येतं आणि तुम्हाला त्याचं बोलणं. दुकानदार हा दुसरा भाग दोष म्हणून सांगतो. तो दोष आहे की गुण, हे ठरवायला आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

१९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून अमेरिकी नौदलाला विकले. हेडफोन आधी कामाची वस्तू होता. तारायंत्र, टेलिफोन, जहाजावरचा बिनतारी संदेश, यांसाठी. गाणं त्यात नंतर आलं, रेडिओबरोबर. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्या काळातला स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे, पण आवाज इतका बारीक की हेडफोनशिवाय तो ऐकूच येत नसे. म्हणजे गरिबाचा रेडिओ एकट्याचा आणि श्रीमंताचा रेडिओ घरभर, अशी वाटणी होती. तेव्हा इंग्लंडमधल्या घरांत लोक हेडफोन काढून मोठ्या वाडग्यात ठेवत आणि सगळं कुटुंब त्या वाडग्याभोवती बसून ऐके. आज आपली मुलं मोबाईल स्टीलच्या पेल्यात उभा करतात, तीच युक्ती. एकट्याचं ऐकणं घराला द्यायचं, ही धडपड हेडफोनइतकीच जुनी आहे.

आता आमच्या गावाकडे वळतो. मी राहतो रायपूरच्या तात्यापाऱ्यात. छत्तीसगडात ‘पारा’ म्हणजे आळी, मोहल्ला. बूढापारा, ब्राह्मणपारा ही नावंही जुन्या रायपूरचीच. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली छत्तीसगडात आली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. त्या काळात आणि पुढे इंग्रजी अमलात नोकरी-वकिलीच्या निमित्ताने मराठी घरं इकडे येत राहिली. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हा रायपूरचं मराठी घर आपल्याच प्रांतात राहत होतं.

१९४८ च्या जुलैत नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. १९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर मध्य प्रदेशात राहिलं. सरकारी कागद मराठीत येण्याची आशा संपली. पण मध्यम लहरींना सीमा दिसत नाही. दिवस मावळला की वातावरणाच्या वरच्या थरावरून त्या परावर्तित होतात आणि दूरवर पोचतात. रायपूरला स्वतःचं आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये मिळालं, तरीही मराठी ऐकायचं तर सुई नागपूरकडेच फिरवावी लागे. खरखर, मध्येच दुसऱ्या स्टेशनची घुसखोरी, आणि त्यातून येणारं नाट्यगीत. तो डबा मधल्या खोलीत असे आणि त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाई. घरातलं मराठी आणि रेडिओतलं मराठी एकाच हवेत मिसळत असे.

दरम्यान जगात हेडफोनने दोन वाटा धरल्या. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी स्टिरिओ गाणं ऐकण्यासाठी हेडफोन बाजारात आणला. वाट्या बंद, कान झाकलेले, बाहेरचं जग बाहेर. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ आणला. मागची बाजू उघडी, कानाला टेकलेला फोमचा तुकडा, एवढंच. पुढे त्याच्या पिवळ्या गाद्याच त्याची ओळख झाल्या. ओपन हेडफोन म्हणून विकला गेलेला तो पहिला. हलका, साधा, आणि असा खपला की आकडा एक कोटीच्या घरात गेला. हे लक्षात ठेवा मंडळी. आज ओपन-बॅक म्हटलं की लाखभर रुपयांचे चकचकीत नमुने दाखवतात, पण त्याचा जन्म प्लास्टिक आणि फोममधला आहे. स्वस्त ओपन-बॅक ही महागड्याची नक्कल नव्हे, ती मूळ वस्तू आहे.

१९७९ च्या जुलैत सोनीचा वॉकमन आला. त्याच्याबरोबर मिळणारा हेडफोनही फोमचा, उघडा, जेमतेम पन्नास ग्रॅमचा. आणखी एक गंमत त्यात होती. पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं दबायचं आणि छोट्या माइकमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. चारचौघांत एकट्याने गाणं ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी धास्ती खुद्द बनवणाऱ्यांना होती. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. धास्तीही गेली.

मग बाहेरचा आवाज मारणारं तंत्र आलं. १९८९ मध्ये बोस कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडफोन विकायला काढला, २००० मध्ये तो प्रवाशांसाठी आला. आणि २०१९ मध्ये ॲपलने कानातल्या बोंडात एक सोय दिली: बाहेरचा आवाज माइकने पकडून परत आत सोडायचा. म्हणजे आधी कान बंद करायचे, मग बॅटरी खर्च करून ते उघडायचे. जे काम जाळीचं एक भोक फुकटात करतं, त्यासाठी एवढी यातायात.

आता घरात येऊ. तात्यापारा चौकातून रस्ता शारदा चौकाकडे जातो. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगडी. मराठी सुरू होते ती उंबऱ्याच्या आत. माझा मुलगा शाळेत मराठी शिकला नाही, शिकवायला कोणी नव्हतंच. त्याला जी मराठी येते ती त्याच्या आजीच्या बोलण्यातून आली. ‘पोळ्या निवतायत’, ‘दिवेलागणीला केर काढू नये’, ‘कुठे कडमडलास’. हे शब्द कोणी त्याला उद्देशून धडा म्हणून म्हटले नाहीत. ते घरात इकडून तिकडे जात होते, आणि त्याचे कान उघडे होते. गेल्या वर्षी त्याने बंद हेडफोन घेतला. संध्याकाळी तीन-चार तास तो घरात असून नसल्यासारखा. आई दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा मारत नाही. ती तिसरी हाक थांबते, तेव्हा आमच्या घरातली मराठी किती उरणार, हा प्रश्न मला पडतो. महाराष्ट्रात दारात, दुकानात, बसमध्ये मराठी पुन्हा भेटते. इथे ती फक्त घरातल्या हवेत आहे.

म्हणून मी स्वस्त ओपन-बॅक हेडफोन पारखताना पहिली कसोटी ही लावतो: गाणं नेहमीच्या आवाजात चालू असताना पुढच्या खोलीतून आलेली हाक ऐकू येते का? येत असेल तर तो घरातला हेडफोन.

दुसरी कसोटी आपल्या संगीताची. ओपन-बॅकची खरी कमजोरी म्हणजे अगदी खालचा खर्ज. मागचा आणि पुढचा आवाज एकमेकांना भेटून खालच्या लहरी खाऊन टाकतात, त्यामुळे साधारण पन्नास-साठ हर्ट्झच्या खाली स्वस्त ओपन-बॅक ढेपाळतो. आता हिशेब करा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तो खर्ज १०४. भीमसेन जोशी असोत की किशोरी आमोणकर, मैफलीतला जवळजवळ सगळा ऐवज त्या कमजोरीच्या वरच राहतो. नाचाच्या गाण्यांतला धमाका किंवा सिनेमातले स्फोट हवे असतील तर बंद हेडफोन घ्या. तंबोरा ऐकायचा असेल तर काळजी नको. पाहायची ती जवारी: तार छेडल्यावर वरच्या स्वरांची जी झिलई उमलते ती एकेक वेगळी कळते, की सगळी मिळून माशीसारखी गुणगुणते? चांगला स्वस्त हेडफोन इथे ओळखू येतो.

तिसरी गोष्ट पैशाची. ओपन-बॅकच्या जाहिरातीत ‘गाणं डोक्याबाहेर पसरतं’ असं सांगतात. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात ते थोडंफार खरं आहे. पण बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई यांच्या जुन्या तबकड्या एकाच वाहिनीच्या. त्यांत डावं-उजवं नाहीच. कोणताही हेडफोन ते निर्माण करू शकत नाही. तुमचं ऐकणं मुख्यतः जुनं असेल तर त्या पसाऱ्यासाठी जादा पैसे देऊ नका.

चौथी गोष्ट ताकदीची. खोक्यावर ओहम लिहिलेले असतात, ते वाचा. समजा दोन हेडफोन एक मिलिवॉटला १०० डेसिबल देतात, एक ३२ ओहमचा, दुसरा ३०० चा. एक व्होल्ट देणाऱ्या मोबाईलवर पहिला सुमारे ११५ पर्यंत जाईल, दुसरा १०५ पर्यंत. शांत मुद्रणाच्या जुन्या मैफलीला हा फरक जाणवतो. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून बनतो आहे, तो ६० ओहमचा. फिलिप्सचा एसएचपी ९५०० हा ३२ चा. असे हेडफोन साध्या फोनवर चालतात. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड पुरतो. ३०० ओहमच्या मागे लागलात तर वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागेल, आणि मग दहा हजारांची गोष्ट संपली.

आता रायपूरचा उन्हाळा. एप्रिल ते जून कूलर घरघरत असतो. ओपन-बॅक तो आवाज अडवत नाही, आणि माणूस नकळत गाण्याचा आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं की ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास ठीक. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, ९० डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास उरतात. तेव्हा कूलरच्या खोलीत ओपन-बॅक लावू नका. पहाटे लावा, कूलर बंद असताना. उन्हाळ्यात त्याचा एक फायदा मात्र आहे: कापडी किंवा फोमच्या गादीने कान घामेजत नाहीत, आणि रेक्झिनसारखी तिची पापुद्री निघत नाही. सुट्या गाद्या बदलून मिळतात का, हे घेण्याआधी विचारा.

तर माझं उत्तर: एकटे राहत असाल, शेजारी रस्ता असेल, बसमध्ये ऐकायचं असेल, तर घेऊ नका. घरात माणसं असतील, ऐकणं रागदारी, नाट्यगीत, भावगीत असेल, तर दहा हजारांच्या आतला हलका, कमी ओहमचा ओपन-बॅक जरूर घ्या. त्याहून महाग घेण्याची घाई नको.

मी मुलासाठी तसा एक आणला. मागच्या आठवड्यात तो हेडफोन न काढताच आतून ओरडला, “आजी, ते कडमडणं नाही, धडपडणं म्हणतात!” आईने त्याला ‘कडमडणे’ आणि ‘धडपडणे’ यांतला फरक चांगला पंधरा मिनिटं समजावून सांगितला.

पुढच्या भागात कॅसेटकडे वळू. तुमच्या घरी आजी-आजोबांच्या आवाजाची एखादी कॅसेट पडली असेल, तर तोवर ती शोधून कोरड्या जागी ठेवा. भेटू. नमस्कार.