सेप्सिसमध्ये कोलेस्टेरॉल वाचवतं का? एका प्रश्नाचा प्रवास

कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला हार्ट अटॅक आठवतो. पण आयसीयूत सेप्सिसच्या रुग्णांचं लिपिड प्रोफाइल पाहिलं, तर बहुतेकदा उलटंच दिसतं. कोलेस्टेरॉल घसरलेलं असतं, आणि ज्यांचं फार घसरतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं. मग कोलेस्टेरॉल कमी झाल्यामुळे रुग्ण दगावतो, की तो गंभीर आहे म्हणून ते कमी होतं? संशोधनाचा विषय शोधत असाल, तर या प्रश्नाचा इतिहास जरूर बघा.

सुरुवात १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये झाली. कॉख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर यांना दिसलं, की कॉलऱ्याचे जंतू मेले तरी त्यांच्यातलं विष शिल्लक राहतं. हेच एंडोटॉक्सिन. ते म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या बाह्य आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड (एलपीएस), हे पुढे कळलं. एलपीएसचं एक टोक स्निग्ध असतं. रक्तातले एचडीएल, एलडीएल हे कण त्याला सामावून घेतात, आणि मग ते रोगप्रतिकारक पेशींना तितकं चिथावू शकत नाही. एचडीएलची ही भूमिका १९७९ मध्ये उलेविच आणि सहकाऱ्यांनी मांडली. १९९३ मध्ये दिसलं, की जनुकीय बदल करून एचडीएल वाढवलेले उंदीर एंडोटॉक्सिनसमोर जास्त टिकतात.

आता यकृताकडे येऊ. यकृताच्या पेशींवरचा एलडीएल रिसेप्टर रक्तातलं एलडीएल आत ओढतो. हा रिसेप्टरच नसलेले उंदीर एंडोटॉक्सिनमधून जास्त वाचतात, असं १९९६ मध्ये नेटेआ यांच्या गटाने दाखवलं. कारण एलडीएल रक्तात साठतं आणि विष बांधून ठेवतं. २०१४ मध्ये वॉली यांच्या गटाने नेमकी उलटी बाजू मांडली. पीसीएसके९ हे प्रथिन रिसेप्टर नष्ट करवतं. ते नसलं की रिसेप्टर वाढतात, यकृत एलपीएस लवकर उचलतं आणि उंदीर जास्त वाचतात. हे प्रथिन कमी काम करेल अशी जनुकीय रूपं असलेल्या रुग्णांमध्येही मृत्यू कमी दिसले. २०१७ मध्ये मात्र दुसऱ्या एका गटाला उंदरांमध्ये असा फायदा दिसलाच नाही.

रिसेप्टर नसला तरी फायदा आणि वाढला तरी फायदा, हे कसं? विष बांधणं आणि ते रक्तातून काढून टाकणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, म्हणून दोन्ही शक्य आहे. पण रक्तातली पातळी मोजून यकृत किती बनवतंय आणि किती उचलतंय, हे कळत नाही.

उपचारांच्या चाचण्यांनी आणखी जमिनीवर आणलं. एंडोटॉक्सिन बांधणारं फॉस्फोलिपिड इमल्शन देऊन पाहिलं. २००९ च्या अहवालानुसार मृत्यू कमी झाले नाहीत. सेप्सिसमुळे फुफ्फुसं निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन देऊनही २०१४ च्या चाचणीत उपयोग झाला नाही.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा तीन गोष्टी आधी ठरवा. तुम्ही पातळी मोजताय की उलाढाल? नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेताय? आणि तुमचं मॉडेल म्हणजे नुसतं एलपीएसचं इंजेक्शन आहे, की वाढत जाणारा खरा जंतुसंसर्ग?