रिकाम्या रकान्यातला विजेता

टेनिसमधील थोर खेळाडूंची तुलना करायची वेळ आली की आपण सगळे एकच तक्ता उघडतो: कोणी किती ग्रँड स्लॅम जिंकली. त्या तक्त्यात पांचो गोन्झालेस या अमेरिकी खेळाडूच्या नावापुढे एकेरीची केवळ दोन विजेतेपदे दिसतात, १९४८ आणि १९४९ ची, दोन्ही अमेरिकेतली. त्यानंतर थेट १९६८ पर्यंत त्याच्या रकान्यात काहीही नाही. विजय नाहीत, पराभवही नाहीत. अठरा वर्षांहून अधिक काळ हा मनुष्य जणू रॅकेट खुंटीला टांगून बसला होता.

प्रत्यक्षात त्यातली बरीच वर्षे तो जगातला सर्वांत बलवान टेनिसपटू मानला जात होता. आजचा धागा या रिकाम्या रकान्याविषयी आहे.

रिकार्डो अलोन्सो गोन्झालेस याचा जन्म ९ मे १९२८ चा, लॉस एंजेलिसचा. आईवडील मेक्सिकोतील चिवावा प्रांतातून आलेले. सात भावंडांत हा थोरला. बारा वर्षांचा असताना आईने त्याला ५१ सेंटची एक रॅकेट आणून दिली. शिक्षक नाही, क्लबचे सदस्यत्व नाही. एक्स्पोझिशन पार्क या सार्वजनिक उद्यानातल्या कोर्टांवर इतरांचा खेळ पाहून तो शिकला. ‘पांचो’ हे त्याचे घरचे नाव नव्हे. त्या काळच्या कॅलिफोर्नियात कोणत्याही मेक्सिकन पोराला गोरे लोक सरसकट याच नावाने हाक मारत. ते चिकटले आणि इतिहासातही तेच राहिले. त्याच्या डाव्या गालावर एक लांब व्रण होता. लहानपणी मोटारीशी झालेल्या अपघाताची ती खूण. वृत्तपत्रांना मात्र ती चाकूच्या मारामारीची वाटली. मेक्सिकन मुलाच्या गालावर दुसरे काय असणार!

दक्षिण कॅलिफोर्नियातले टेनिस तेव्हा पेरी जोन्स नावाच्या पदाधिकाऱ्याच्या मुठीत होते. पांढरेशुभ्र कपडे, नीटस वागणूक आणि शाळेतली हजेरी यांबाबत तो काटेकोर. पांचो शाळेला दांडी मारून कोर्टावर सापडायचा. जोन्सने त्याला स्पर्धांतून दूर ठेवले. ज्या वयात खेळाडू घडतो ती वर्षे अशी गेली, मग नौदलातली दोन वर्षे गेली. १९४७ मध्ये तो परतला आणि पुढच्याच वर्षी, विसाव्या वर्षी, फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर आठवे मानांकन असताना अमेरिकेचा विजेता झाला.

कौतुक फार टिकले नाही. जॅक क्रेमर आधीच व्यावसायिक झाला होता आणि टेड श्रोडर त्या स्पर्धेत उतरलाच नव्हता, म्हणून हे यश नशिबाचे, असे बोलले जाऊ लागले. १९४९ मध्ये गोन्झालेस विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत हरला तेव्हा त्याची तुलना गोर्गोन्झोला नावाच्या चीजशी झाली. ‘गोर्गो’ हे त्याचे टोपणनाव त्याच थट्टेतून आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अंतिम सामन्यात समोर तोच श्रोडर होता, विम्बल्डनचा ताजा विजेता. पहिला सेट ३४ गेमपर्यंत लांबला आणि गोन्झालेसने तो गमावला. दुसराही गमावला. पुढचे तीन जिंकले: १६-१८, २-६, ६-१, ६-२, ६-४. नशिबाची चर्चा संपली.

आणि इथेच त्याचा रकानाही संपला, कारण त्या शरद ऋतूत त्याने व्यावसायिक करारावर सही केली.

आजच्या वाचकाला या वाक्याचे गांभीर्य पटकन कळणार नाही, म्हणून जरा थांबू. १९६८ पूर्वी विम्बल्डन, फ्रान्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील राष्ट्रीय स्पर्धा आणि डेव्हिस कप हे सारे केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. खेळण्याचे पैसे उघडपणे घेतले की राष्ट्रीय संघटना नाव कापून टाकी आणि सगळी दारे एकाच वेळी बंद होत. या नियमाच्या मुळाशी इंग्लंडमधल्या उच्चवर्गीय क्लबांची कल्पना होती: सभ्य गृहस्थ खेळतो तो आनंदासाठी, पोटासाठी नव्हे. ज्याच्या घरी पोटाची चिंता नाही त्याला हे तत्त्व परवडते. संघटनांनी ते पाळलेही नाहीच. नामवंत हौशी खेळाडूंना ‘प्रवासखर्च’ या नावाखाली टेबलाखालून पैसे मिळत. ते सर्वांना ठाऊक असे आणि कोणी बोलत नसे. म्हणजे गुन्हा पैसे घेण्याचा नव्हता, पावती फाडण्याचा होता.

भारतातही हा प्रश्न पोहोचला होता. १९५९ च्या सुमारास रामनाथन कृष्णन यांना क्रेमरच्या व्यावसायिक चमूत येण्याचे निमंत्रण मिळाले. त्यांनी ते नाकारले. १९६० आणि १९६१ मध्ये ते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले आणि १९६६ मध्ये भारत डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत खेळला तो त्यांच्यासह. त्यांनी होकार दिला असता तर आपल्या टेनिस-इतिहासाची ही पाने कोरी राहिली असती.

गोन्झालेसला नकार परवडण्यासारखा नव्हता. घरात बायको होती, मूल होते आणि पैसा नव्हता.

व्यावसायिक टेनिस तेव्हा कसे चाले? दोन तगडे खेळाडू घ्यायचे, सोबत आणखी दोघे, आणि गावोगाव फिरायचे. आज या शहरातल्या व्यायामशाळेत, उद्या त्या शहरातल्या बर्फाच्या हॉकीच्या मैदानावर फळ्या टाकून. कॅनव्हासचे कोर्ट गुंडाळून सोबत न्यायचे, संध्याकाळी पसरायचे, सामना झाला की पुन्हा गुंडाळून रात्रीचा प्रवास. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाशी किंवा सर्कशीशी या जीवनाचे साम्य अधिक, विम्बल्डनशी कमी. हिशेब एकाच गोष्टीचा ठेवला जाई: दोघांपैकी कोणी किती रात्री जिंकल्या. १९४९-५० च्या दौऱ्यात क्रेमरने गोन्झालेसला ९६-२७ असे हरवले. एकवीस वर्षांच्या विजेत्याला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूकडून जवळपास रोज रात्री धडा मिळत होता.

दौरा संपला आणि गोन्झालेसचा भावही संपला. हरलेल्याला पुन्हा पाहायला तिकीट कोण काढणार? पुढच्या वेळी क्रेमरसमोर दुसरा प्रतिस्पर्धी आला. हौशी स्पर्धांकडे परतण्याची वाट नियमानेच बंद होती. लंडनमधली वेम्ब्ली येथील व्यावसायिक स्पर्धा त्याने १९५० ते १९५२ अशी सलग तीन वर्षे जिंकली, पण एरवी तो एक्स्पोझिशन पार्कात टेनिसच्या सामानाचे छोटे दुकान चालवत होता. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, ज्या उद्यानात शिकला त्याच उद्यानात.

पाठीच्या दुखण्याने क्रेमर खेळातून बाजूला झाला आणि दौऱ्यांचा प्रवर्तक झाला, तेव्हा गोन्झालेसची पाळी पुन्हा आली. १९५४ चा दौरा त्याने जिंकला आणि त्यानंतर त्याला दौऱ्यात हरवणे कोणाला जमले नाही. सहा फुटांहून उंच, तरीही मांजरीसारखा हलका. सर्व्हिस इतकी सहज की तिचा वेग प्रतिस्पर्ध्याला चेंडू मागे गेल्यावर कळावा. सर्व्हिस करून तो थेट नेटपाशी धावत असे आणि त्याला तेथून हलवता येत नसे, म्हणून सर्व्हिसनंतर लगेच नेटकडे जाण्यास मनाई करणारा नियमही व्यावसायिक दौऱ्यावर काही काळ करून पाहण्यात आला. तो तरीही जिंकत राहिला, तेव्हा नियम मागे घेतला गेला.

आता या धाग्यातला मला सर्वांत बोचणारा भाग. १९५५ मध्ये टोनी ट्रेबर्टने फ्रान्स, विम्बल्डन आणि अमेरिका या तिन्ही स्पर्धा जिंकल्या आणि व्यावसायिक झाला. क्रेमरने त्याला सुमारे ७५ ते ८० हजार डॉलरची हमी दिली. ज्याच्याशी त्याची गाठ होती त्या गोन्झालेसचा करार सात वर्षांचा होता आणि त्याच्या वाट्याला १५ हजार आले. दौऱ्याचा निकाल गोन्झालेस ७४, ट्रेबर्ट २७. त्यानंतर केन रोझवॉल आला. त्याला ५०-२६ असे हरवले. मग लू होड आला, १९५६ आणि १९५७ चा विम्बल्डन-विजेता, सव्वा लाख डॉलरच्या हमीवर. होडने प्रारंभी १८-९ अशी आघाडी घेतली. रिकाम्या हाताने परतण्याची १९५० ची पाळी पुन्हा येते की काय, अशी स्थिती. पण होडची पाठ दगा देऊ लागली, गोन्झालेस एकेक रात्र परत मिळवत गेला आणि दौरा ५१-३६ असा संपला.

हरणाऱ्याला जिंकणाऱ्याच्या कितीतरी पट पैसे, हे गणित वरवर वेडेपणाचे दिसते. प्रवर्तकाच्या दृष्टीने ते चोख होते. तिकीट विकले जाई ते नव्या चेहऱ्यावर, विम्बल्डनच्या ताज्या करंडकावर. आणि तो करंडक देण्याचा अधिकार त्याच हौशी संघटनांकडे होता ज्यांनी गोन्झालेसला बाहेर ठेवले होते. म्हणजे व्यावसायिक बाजारातली किंमतही हौशी जगच ठरवत होते. गोन्झालेस जितका अजिंक्य होत गेला, तितका तो स्वस्त होत गेला. कराराविरुद्ध तो न्यायालयात गेला आणि हरला. क्रेमरला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण तोट्याची जोखीमही त्याच्याच डोक्यावर होती आणि त्याच्यावाचून हा धंदा उभा राहिला नसता. गोन्झालेसही वागायला सोपा मनुष्य नव्हता. चमूतल्यांशी त्याचे बोलणे थोडे, भांडणे फार. इतरांबरोबर न जाता तो आपल्या मोटारीतून एकटाच रात्रभर पुढच्या गावाकडे जाई.

अमेरिकी व्यावसायिक अजिंक्यपद त्याने आठ वेळा आणि वेम्ब्ली चार वेळा जिंकले. त्याचे काही चाहते ही बारा विजेतेपदे ग्रँड स्लॅमच्या दोनात मिळवून चौदा करतात. माझ्या मते ही बेरीज चुकीची आहे. व्यावसायिक स्पर्धांत खेळाडू मूठभर असत. सात फेऱ्यांच्या स्पर्धेशी त्यांची तुलना होत नाही. पण मग दुसरी बाजूही तशीच तपासायला हवी. रॉय एमर्सनची बारा एकेरी विजेतेपदे १९६१ ते १९६७ मधली आहेत, आणि हा उच्चांक पीट सॅम्प्रासने २००० मध्ये मोडेपर्यंत टिकला. त्या वर्षांत गोन्झालेस आणि रोझवॉल बाहेर होते, १९६३ पासून रॉड लेव्हरही. एमर्सन उत्तम खेळाडू होता यात शंका नाही. प्रश्न तक्त्याचा आहे: दोन्ही बाजूंना अर्धेच खेळाडू असताना आपण एकच बाजू ‘इतिहास’ म्हणून वाचतो.

दारे उघडण्याची संधी १९६० मध्ये आली होती. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पॅरिस येथील बैठकीत खुल्या स्पर्धांचा ठराव मांडला गेला. दोन-तृतीयांश बहुमताला पाच मते कमी पडली. गोन्झालेस तेव्हा ३२ वर्षांचा होता. पुढचा निर्णय व्हायला आणखी आठ वर्षे लागली.

एप्रिल १९६८ मध्ये बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा झाली आणि तिथे मार्क कॉक्स या हौशी इंग्रज खेळाडूने गोन्झालेसला पाच सेटमध्ये हरवले. व्यावसायिकाला खुल्या सामन्यात हरवणारा तो पहिला हौशी. व्यावसायिकांचा दबदबा पोकळ होता, असे म्हणणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. पुढच्याच महिन्यात फ्रेंच स्पर्धा होती. उपांत्यपूर्व फेरीत चाळीस वर्षांच्या गोन्झालेससमोर गतविजेता उभा होता: रॉय एमर्सन. गोन्झालेस पाच सेटमध्ये जिंकला. उपांत्य फेरीत लेव्हरकडून हरला.

आणि मग १९६९ चे विम्बल्डन. पहिल्या फेरीत समोर चार्ली पासारेल, पोर्तो रिकोचा, २५ वर्षांचा. गोन्झालेसकडूनच धडे घेतलेला. गोन्झालेस ४१ वर्षांचा, आजोबा होण्याच्या वयाचा. तेव्हा टायब्रेक नव्हता. पहिला सेट पासारेलने २४-२२ असा जिंकला. संध्याकाळ उतरत होती, चेंडू दिसत नाही अशी गोन्झालेसची तक्रार होती, पंचप्रमुखाने खेळ चालू ठेवण्यास सांगितले. चिडलेल्या गोन्झालेसने दुसरा सेट १-६ असा जवळजवळ टाकून दिला आणि सेंटर कोर्टवरून प्रेक्षकांच्या हुर्योत बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो परतला आणि १६-१४, ६-३ असे दोन सेट घेतले. पाचव्या सेटमध्ये ४-५ वर आणि ५-६ वर, दोनदा, तो स्वतःच्या सर्व्हिसवर ०-४० असा मागे होता. सहा मॅच पॉइंट वाचवले. पुढे आणखी एक वाचवला. शेवटचा सेट ११-९. एकूण ११२ गेम, पाच तास बारा मिनिटे. काल हुर्यो करणारे प्रेक्षक आज उभे होते. विम्बल्डनमधला सर्वांत लांब सामना हा त्याचा मान २०१० पर्यंत, इस्नर आणि माहू यांच्या सामन्यापर्यंत, टिकला. १९७० मध्ये अमेरिकेने आणि १९७१ मध्ये विम्बल्डनने टायब्रेक स्वीकारला. असे सामने पाहिलेल्यांना त्याची गरज वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

विम्बल्डनचे एकेरी विजेतेपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. त्या वर्षी चौथ्या फेरीत आर्थर अॅशने त्याला हरवले. १९७२ च्या फेब्रुवारीत, चव्वेचाळिसावे वर्ष संपायला तीनच महिने उरले असताना, त्याने डे मॉइन येथील स्पर्धा जिंकली.

पुढे लास व्हेगासमध्ये त्याने शिकवण्या केल्या. सहा विवाह झाले. शेवटची पत्नी रीटा ही आंद्रे अगासीची बहीण. ३ जुलै १९९५ रोजी कर्करोगाने तो गेला तेव्हा विम्बल्डनचा दुसरा आठवडा सुरू झाला होता आणि अगासी तिथे पहिल्या मानांकनावर खेळत होता. गोन्झालेसजवळ पैसे जवळपास काहीच उरले नव्हते. अंत्यसंस्काराचा खर्च अगासीने केला.