पोथी, न्हावी आणि हात

पायऱ्या लाकडी आहेत, घाईत ठोकलेल्या. तुम्ही वरच्या रांगेत कसेबसे उभे आहात. १५४० चा जानेवारी, इटलीतल्या बोलोन्यातलं सान फ्रान्चेस्को चर्च. दोनएकशे माणसं दाटीवाटीनं उभी आहेत. मेणबत्त्या पेटवल्यात, तरी टेबलावरचं धड नीट दिसत नाही. वास मात्र येतो. फॉर्मॅलिन अजून साडेतीनशे वर्षं लांब आहे. म्हणून तर शरीररचना हा विषय कडाक्याच्या थंडीत शिकवायचा, आणि प्रेत सडायच्या आत उरकायचा.

शेजारी एक जर्मन विद्यार्थी भराभर लिहून घेतोय. बाल्डासार हेझेलर. त्याला धक्का लागू देऊ नका. आजचा हा प्रसंग पुढं जगाला कळेल तो त्याच्या वहीमुळं.

इथं येण्याआधी तुम्ही मात्तेओ कोर्ती या वृद्ध प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकलंत. हातात मोन्दिनोचा शरीररचनेवरचा १३१६ चा ग्रंथ, तोंडी प्राचीन ग्रीक वैद्य गेलन. वहिवाटच तशी: प्राध्यापकानं उंच खुर्चीवरून पोथी सांगायची, खाली न्हाव्यानं चिरायचं, तिसऱ्यानं काठीनं दाखवायचं. सांगणाऱ्याचे हात कोरडे, आणि चिरणाऱ्याला लॅटिनचा गंध नाही.

टेबलापाशी मात्र एकच माणूस सांगतोय, चिरतोय, दाखवतोयही. पंचवीस वर्षांचा आन्द्रेआस व्हेसेलियस, मूळचा ब्रुसेल्सचा, पादुआहून बोलावलेला. डिसेंबर १५३७ मध्ये त्याला डॉक्टरकी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं तिथं शवविच्छेदन सुरू केलं. शिकवताना त्यानं शिरांचं एक चित्र काढलं; पोरांना ते इतकं उपयोगी पडलं की १५३८ मध्ये त्यानं सहा मोठे तक्तेच छापले. गंमत अशी, की त्या तक्त्यांत माणसाच्या यकृताला पाच पाळ्या आहेत. गेलननं लिहिलं होतं ना! डोळ्यांसमोर प्रेत असूनही याचा हात पोथीबरहुकूम चालला होता.

दोन वर्षांत तो किती बदललाय ते इथं बघा. त्यानं दोन सांगाडे जोडून ठेवलेत, एक माणसाचा, एक माकडाचा. गेलननं मणक्याचा जो उंचवटा सांगितला, तो माकडात सापडतो, माणसात नाही. म्हणजे हजारभर वर्षं वैद्य माणूस समजून माकड पाठ करत होते.

कोर्ती स्वतः आलेत. रोग्याचं रक्त काढायला कोणती शीर कुठं तोडावी यावरून दोघांची जुंपते. म्हातारबुवा गेलन सोडायला तयार नाहीत, आणि व्हेसेलियस म्हणतो, शरीर इथंच आहे, बघून घ्या. मुलं पुढं रेटतात, गलका होतो. खरं सांगायचं तर या तरुण मास्तरात मिजासही भरपूर आहे. चाळीस वर्षांनी मोठ्या माणसाला भर सभेत खिंडीत गाठायची त्याला हौस दिसते.

शेवटच्या दिवशी जिवंत कुत्रा आणतात. बांधलेला. त्याला भूल दिलेली नाही. मान फिरवावीशी वाटली तर फिरवा. छाती उघडली जाते. काही मुलं विचारतात, हृदयाची हालचाल आणि धमन्यांची हालचाल यांचा मेळ कसा आहे? व्हेसेलियस उत्तर देत नाही. माझं मत विचारू नका, हात लावा आणि हातावर विश्वास ठेवा, अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो बाजूला होतो.

तुमची पाळी येते. बोटाखाली ऊन, ओलं, धडधडणारं काहीतरी. तुमच्या मागचा तुम्हाला ढकलतोय. त्यालाही हात लावायचाय.

१५४३ मध्ये बाझेलला व्हेसेलियसचा मोठा ग्रंथ छापून झाला. मुखपृष्ठाच्या चित्रात तो स्वतः प्रेताला हात लावून उभा आहे. उंच खुर्ची नाही, आणि न्हावी टेबलाखाली वस्तऱ्यांशी खटपट करताहेत.