रक्तगुल्म आणि 'क्वेइची फूलिंग वान' : स्त्रियांच्या ओटीपोटातील वेदनेचा तौलनिक विचार

चिनी वैद्यकाचा महाराष्ट्राशी संबंध अर्वाचीन आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर म्हणून. अॅक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्यांच्या पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांना दिले जाते. महाराष्ट्रात या पद्धतीस २०१५ च्या अधिनियमाने मान्यता मिळाली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) कक्षेत आयुर्वेदही येत असल्याने या दोन परंपरांची तुलना येथील अभ्यासकांस उपयुक्त ठरावी.

ओटीपोटात सहा महिने वा अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस आज दीर्घकालीन म्हणतात. प्राचीन ग्रंथांत तिला नेमका प्रतिशब्द नाही. मात्र खुंटलेल्या रक्ताचा सशूल गोळा दोन्ही परंपरांना परिचित आहे.

चरकसंहितेतील रक्तगुल्म केवळ स्त्रियांस होतो आणि त्याची लक्षणे गर्भासारखी भासतात. म्हणून दहावा महिना उलटल्यावरच चिकित्सा करावी, असे चरकाचे मत आहे. गर्भाला अपाय होऊ नये हा त्यामागील हेतू उघड आहे. परंतु तोवर त्या स्त्रीला शूल सोसणे भाग होते.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या चांग चुंगचिंग याच्या 'चिनक्वेइ याओल्यूए' या ग्रंथात (आजचा पाठ अकराव्या शतकात संपादित) हाच पेच आढळतो. पाळी थांबली आहे, तरी रक्तस्राव चालू आहे आणि पोटात जुना गोळा आहे. येथे मात्र वाट न पाहता गोळा विरघळवण्यास सांगितले आहे. दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पीचच्या बिया इत्यादी पाच द्रव्यांची सशाच्या लेंडीएवढी एक गोळी रोज जेवणापूर्वी द्यावी आणि गुण न आल्यास तीनपर्यंत वाढवावी. मात्रेतील हा संयम, हेच त्या वैद्याचे सावधपण होय.

यावरून एका परंपरेने दुसरीकडून उसने घेतले असे म्हणता येत नाही. रक्तगुल्म म्हणजे आजचा अमुक रोग, असे समीकरण मांडणेही धाडसाचे ठरेल. दोघांपुढील अडचण एकच होती : गर्भ आणि व्याधी यांतील भेद निश्चितपणे ओळखण्याचे साधन नव्हते. सोनोग्राफीने ती अडचण बव्हंशी दूर केली. तथापि स्त्रीच्या वेदनेचा विचार गर्भाच्या विचारानंतरच करण्याची सवय साधनांच्या अभावातून जडली, की तिची मुळे अन्यत्र आहेत, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने पुढे चालवावयास हवा.